पुस्तकातला नियम, वहीतला मुलगा

माझ्या कपाटातली सगळ्यांत जुनी चाचणी धारवाडची आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीच्या धर्तीवर मराठी आणि कन्नड मुलांसाठी ती बसवली. तिच्याबद्दलचं त्यांचं पुस्तक १९४० साली निघालं, तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होतं. दुसरी चाचणी नागपूरची. वेक्सलर यांची मुलांसाठीची चाचणी डॉ. आर्थर मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बदलून घेतली, ती १९६९ची. तिसरी, रोजच्या व्यवहारातली समज मोजणारी व्हाइनलँड श्रेणी, तीही मालिन यांच्या नागपूरच्याच आवृत्तीत. मराठी मुलखात ज्या मुलांचा बुद्ध्यंक काढला गेला, त्यांतली कितीतरी मुलं चाचण्यांच्या या पेट्यांसमोर बसून गेली आहेत. माझ्यासमोर आज बसणारं मूलही एका अर्थी धारवाडच्या आणि नागपूरच्या त्या जुन्या मुलांशेजारी बसतं आणि त्यांच्याशी ताडून पाहिलं जातं.

कामत आणि मालिन यांच्या कामाबद्दल मला फार आदर आहे. परदेशी चाचणी जशीच्या तशी न उचलता आपल्या मुलांना आपल्या भाषेत प्रश्न विचारून पाहणं, कुठल्या वयाच्या किती मुलांना काय जमतं याची नोंद करणं, हे अतिशय चिकाटीचं काम आहे. मात्र अशा नोंदींवरून ठरलेली मानकं जुनी होत जातात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवून दिलं की अमेरिकेत दर दशकाला बुद्ध्यंक साधारण तीन गुणांनी वाढत गेला होता. जुन्या मानकांवर आजचं मूल आहे त्यापेक्षा वर दिसण्याचा संभव असतो, आणि मग ज्याला मदत हवी तेच मूल मदतीसाठी आखलेल्या रेघेच्या वर राहून जातं. हा प्रश्न नवी मानकं आणून सुटण्यासारखा आहे. माझ्या मनात घर करून राहिलेला प्रश्न वेगळा आहे: मानकं अगदी कालची असली, तरी ती या एका मुलाबद्दल नेमकं काय सांगतात?

मी पनवेलजवळच्या रोडपालीत समुपदेशक म्हणून काम करते. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली, त्याआधी हे भातशेतीचं गाव होतं. आता गावठाणाला सेक्टरांनी वेढलंय, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर इमारती चढल्यात. एका अंगाला कळंबोलीचा पोलाद बाजार, दुसऱ्या अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत, मधून मुंब्र्याकडे जाणारा रस्ता. जवळच पोलीस मुख्यालय. त्यामुळे इथल्या एका वर्गात गावातल्या आगरी घरची मुलगी, हवालदाराचा मुलगा, साताऱ्याहून आलेल्या माथाडी कामगाराची जुळी, गोरखपूरच्या वेल्डरचा धाकटा अशी सगळी एका बाकावर असतात. त्यांची सरासरी अर्ध्या मिनिटात निघते. त्या सरासरीचं मूल मात्र वर्गात शोधून सापडत नाही. १९५०च्या सुमारास अमेरिकी हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्स यांनी चार हजारांहून जास्त वैमानिकांची शरीरमापं तपासली. दहा मापं निवडून प्रत्येकाच्या सरासरीच्या आसपासचा एक पट्टा धरला आणि दहाही मापांत त्या पट्ट्यात बसणारा वैमानिक शोधला. एकही निघाला नाही. हात, पाय, छाती यांची ही गत, तर लक्ष, स्मृती, भीती, भाषा यांची काय असेल?

सहावीतला एक मुलगा माझ्याकडे आला तो शाळेची चिठ्ठी घेऊन. लक्ष नाही, लिखाण अपुरं, गणितात चुका, बुद्ध्यंक तपासून आणावा. बाप ट्रेलर चालवतो, पोलादाची कॉइल घेऊन जातो. चार-चार दिवस बाहेर. घर एका खोलीचं, आई शिवणकाम करते, धाकटी बहीण बालवाडीत. चाचणी झाल्यावर बापानं पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, नंबर किती आला?” नंबर सरासरीच्या खालचा आणि बौद्धिक अक्षमतेच्या रेघेच्या चांगलाच वरचा होता. म्हणजे प्रमाणपत्र नाही, सवलत नाही, आणि शाळेला जे कळायला हवं होतं तेही कळलं नाही. अशा मुलांच्या अहवालात नेहमीची वाक्यं लिहिता येतात: अधिक सराव द्यावा, पुढच्या बाकावर बसवावं, झोप पुरेशी असावी. ही वाक्यं खोटी नाहीत. ती सरासरी मुलासाठी खरी आहेत.

त्याच्या बाईंनी त्याला एक उपाय सांगून ठेवला होता: लवकर लिही. त्यामागे त्यांचा अनुभव होता आणि तो पक्का होता. वर्गात जी मुलं भराभर लिहितात त्यांच्या वह्यांत चुका कमी असतात. जी रेंगाळतात त्यांच्या वह्या लाल शाईनं भरतात. चाळीस मुलांचा तक्ता मांडला तर हेच दिसेल. पण यावरून “हा मुलगा भराभर लिहू लागला तर त्याच्या चुका कमी होतील” असं म्हणता येतं का? नेदरलँड्सच्या मानसशास्त्रज्ञ एलेन हामाकर यांनी याच मुद्द्यासाठी टायपिंगचं उदाहरण दिलंय. माणसामाणसांत तुलना केली तर जलद टंकलेखक कमी चुका करतात, कारण त्यांचा हात बसलेला असतो. पण कुठलाही एक टंकलेखक घ्या, तो घाई करेल त्या दिवशी त्याच्या चुका वाढतील. माणसांमधला संबंध एका दिशेला जातो आणि माणसाच्या आतला त्याच्या उलट. माझ्या कामाला इतका थेट लागू पडणारा दुसरा मुद्दा मला पुस्तकात क्वचितच भेटला आहे. रोज कुठे ना कुठे एखादा शिक्षक, डॉक्टर किंवा माझ्यासारखी समुपदेशक अनेकांमधून निघालेला नियम एकाच्या आत लावत असते.

मी त्याच्या आईला एक वही दिली. तिनं स्केलपट्टीनं रकाने आखले: रात्री किती वाजता झोपला, सकाळी किती वाजता उठला, बाप घरी की रस्त्यावर, सकाळच्या दहा गणितांना किती वेळ लागला, किती चुकली. गणितं मी पानांवर काढून द्यायची, सगळी हातच्याची वजाबाकी, एकाच कठीणपणाची. शाळेत जायच्या आधी, दूध पिऊन झालं की मोबाइलवर घड्याळ लावायचं. ती सातवीपर्यंत शिकलेली. नोंदी तिनं इतक्या काटेकोर ठेवल्या की ज्या दिवशी बहीण रडत होती तिथे बाजूला बारीक अक्षरात तेही लिहून ठेवलं.

घाईबद्दलचा निकाल लवकर लागला. ज्या सकाळी पान पटकन संपलं त्या सकाळी चुका जास्त. म्हणजे बाईंचा उपाय वर्गासाठी जे सांगत होता त्याच्या उलट या मुलात घडत होतं. झोपेचं मात्र वेगळंच निघालं. कमी झोपेनं लक्ष आणि स्मरण बिघडतं ही मानसशास्त्रातली चांगली सिद्ध झालेली गोष्ट आहे, आणि माझाही कयास होता की खोली एकच, बाप रात्री-अपरात्री येणार, जेवण, बोलणं, टीव्ही, म्हणजे बाप घरी असेल तेव्हा मुलाची झोप कमी आणि चुका जास्त. झोप खरंच कमी होती. पण चुकाही कमीच होत्या. बाप रस्त्यावर असायचा तेव्हा पोरगा नऊलाच आडवा व्हायचा, आकड्यात पुरेसा झोपायचा आणि सकाळी वजाबाकीत अडखळायचा.

आईशी बोलल्यावर थोडं उलगडलं. बाप बाहेर असला की हा दाराची कडी दोनदा तपासतो. आईला झोप लागली तरी हा जागाच असतो, फोन वाजतो का ऐकत. एक्स्प्रेस वेवरच्या अपघातांचे व्हिडिओ त्यानं मोबाइलवर पाहिले होते. घाटात गाड्या जळतात हे त्याला ठाऊक होतं. वहीतल्या “झोपला” या रकान्यात अंथरुणावर पडल्याची वेळ होती, आणि या घरात त्या वेळेचा अर्थ वेगळा होता.

इथे कुणी मला विचारेल, आणि विचारायलाच हवं, की एका वहीवर भरवसा किती ठेवायचा. सरावानं गणितं सोपी होत जातात. तेवढ्यानंच चुका उतरल्या नसतील कशावरून? म्हणून मी सुरुवातीचे दिवस बाजूला ठेवून पुढच्या आठवड्यांत वेगळं पाहिलं. काही फरक निव्वळ योगायोगाचेही असतात. म्हणून एक गोष्ट बदलून पाहायची ठरली: बाप बाहेर असेल तेव्हा त्यानं रोज रात्री ठरल्या वेळी, गाडी बाजूला लावून, मुलाशी बोलायचं. आधी कुठे पोचलो ते सांगायचं, मग अभ्यासाचं. एकाच व्यक्तीवरच्या प्रयोगाची रीत अशी की उपाय सुरू करायचा, थांबवायचा, पुन्हा सुरू करायचा आणि प्रत्येक वेळी बदल होतो का बघायचं. सुरू केल्यावर चुका कमी झाल्या. थांबवायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, “मॅडम, हे आता बंद नाही करायचं.” तिचं बरोबर होतं, मी आग्रह धरला नाही. पुढे बापाचा मोबाइल बिघडला आणि काही रात्री फोन आला नाही. त्या सकाळी चुका वर गेल्या. मोबाइल दुरुस्त होऊन आला, पुन्हा खाली आल्या. प्रयोगशाळेत याला पुरावा म्हणायला कुणी कचरेल. या मुलाबद्दल, या घरात, मला तो पुरेसा वाटतो.

पण यातून “सामान्य नियम निरुपयोगी” असा अर्थ कुणी काढला तर मी ठामपणे नाही म्हणेन. झोप आणि लक्ष यांचा संबंध शेकडो लोकांवरच्या अभ्यासांनी दाखवला नसता तर झोपेचा रकाना मी वहीत घातलाच नसता. काय विचारायचं, कुठे बघायचं, हे मला नियमानं सांगितलं. तिथे काय दिसेल, हे त्याला सांगता आलं नाही.

सामान्य नियम की एकेक व्यक्ती, हा वाद जुना आहे. जर्मन तत्त्वज्ञ विल्हेल्म विंडेलबांट यांनी १८९४ साली स्ट्रासबुर्ग विद्यापीठातल्या भाषणात ज्ञानशाखांचे दोन कल सांगितले: निसर्गविज्ञान नियम शोधतं आणि इतिहास एकेका घटनेला तिच्या वेगळेपणासकट समजून घेतो. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९३७च्या व्यक्तिमत्त्वावरच्या ग्रंथात ही विभागणी मानसशास्त्रात आणली आणि मानसशास्त्रानं एकेका माणसाकडे फार दुर्लक्ष केलं, अशी तक्रार मांडली. त्यानंतर कितीतरी वर्षं दोन तट पडल्यासारखं झालं. एका बाजूला मोठे नमुने आणि सांख्यिकी, दुसऱ्या बाजूला व्यक्तिअध्ययन, आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाला “तुमचं लिखाण छान आहे, पण शास्त्र कुठाय?” असं ऐकावं लागायचं. मीही शिकताना हेच ऐकत शिकले. प्रबंधाला नमुना किती, हा पहिला प्रश्न असायचा. प्रत्येकाला एकदाच प्रश्नावली भरायला लावायची, सहसंबंध काढायचा, आणि निष्कर्षात “व्यक्ती” हा शब्द वापरायचा. अनेकांना एकेकदा विचारून एकाच्या आत काय चालतं ते कसं कळेल, हे कुणी विचारत नसे.

ते ठणकावून विचारलं मानसशास्त्रज्ञ पीटर मोलेनार यांनी २००४ साली. त्यांचा मुद्दा गणिताचा होता. सगळी माणसं एकसारख्या प्रक्रियेनं चालत असतील आणि ती प्रक्रिया काळाबरोबर बदलत नसेल, तरच अनेकांमधून काढलेला निष्कर्ष एकाला लागू होतो. शिकणारं, वाढणारं मूल यांतली दुसरी अट वाढण्यानंच मोडतं. २०१८ साली ॲरन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वेगवेगळ्या अभ्यासांची आकडेवारी तपासली. सरासरी बऱ्याचदा जुळत होती, पण एकेका माणसाच्या आतला चढउतार गटावरून वाटला असता त्याच्या दोन ते चार पट निघाला. रोडपालीतल्या माझ्या खोलीत हे मला पटवून द्यायला कुणी लागत नाही. सोमवारी रडणारं मूल गुरुवारी टेबलाखालून हसत बाहेर येतं.

मला सगळ्यांत जास्त बळ देणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. ज्यांच्या नावानं आज आपण मुलांना आकडे देतो, त्या माणसांनी आधी एकेका मुलाला वर्षानुवर्षं न्याहाळलं होतं. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली सहकारी सिमाँ यांच्यासोबत पहिली बुद्धिमापन श्रेणी काढली. त्याच्या दोनच वर्षं आधी त्यांचा एक मोठा ग्रंथ आला होता, आणि त्यातल्या प्रयोगांचा मुख्य आधार होता त्यांच्या स्वतःच्या दोन मुली. पुस्तकात त्यांची नावं बदलून मार्गरीत आणि आर्मांद अशी ठेवलेली. घर एक, आईबाप एक, वयात थोडंच अंतर. तरी समोरची वस्तू सांगायला सांगितली की एक तिचे बारकावे टिपायची, दुसरी कल्पनेत रमायची. ही दोन मनं बापानं शब्द देऊन, चित्रं दाखवून, आठवणी विचारून तपासली. बुद्धी म्हणजे जन्मभर न बदलणारी ठेव आहे, या समजुतीविरुद्ध त्यांनी पुढे कळकळीनं लिहिलं. आणि बुद्ध्यंक ज्यातून आला ते भागाकाराचं गणित सुचवणारे विल्यम स्टर्न? त्यांनी आणि पत्नी क्लारा यांनी आपल्या तीन मुलांच्या वाढीची रोजनिशी वर्षानुवर्षं लिहिली. अख्खा माणूस हाच त्यांच्या मानसशास्त्राचा पाया होता. ऑलपोर्ट त्यांच्याकडे शिकायला गेले होते हे मला अगदी सुसंगत वाटतं. आपण या लोकांकडून आकडा घेतला आणि रोजनिशी तिथेच ठेवून आलो.

हर्मान एबिंगहाउस यांचंही नाव यात घ्यायला हवं. विस्मरणाचा जो वक्र प्रत्येक बीएच्या पुस्तकात असतो, तो १८८५ साली त्यांनी एकाच माणसावर, स्वतःवर, निरर्थक अक्षरसमूह पाठ करून काढला. २०१५ साली ॲमस्टरडॅममधल्या संशोधकांनी तो पुन्हा तपासला, तोही एकाच व्यक्तीवर, आणि वक्र तसाच आला. म्हणजे एकाच्या अभ्यासातून नियम निघतच नाही असं नाही. त्या एकाला पुरेशा वेळा, पुरेशा नेटानं विचारावं लागतं, आणि मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर तपासून पाहावं लागतं.

आकड्यापलीकडे एकेका मुलाकडे पाहावं लागतं याचं आणखी एक उदाहरण म्हणून गावठाणातल्या एका मुलीची गोष्ट थोडक्यात सांगते. तिला शाळेनं “मंद” ठरवलं होतं. भाषेवर चालणाऱ्या चाचणीत ती खरोखरच मागे पडली. (चाचणीतले प्रश्न इथे देत नाही, ते बाहेर पडले की चाचणी वाया जाते.) मग मालिन यांच्या व्हाइनलँड श्रेणीवर तिच्या आजीची मुलाखत घेतली, तर व्यवहारात मुलगी वयाच्या पुढे. बाजारात आजीच्या पाटीपाशी बसून ती सुट्टे पैसे चुकत नाही, कुठल्या गिऱ्हाईकाची किती उधारी हे तिला तोंडपाठ. आजी म्हणाली, “बाय, आमची पोर शानी हाय. शालंन गेली का तिला काय होतं त्ये कलत नाय.” दोन आकडे एकमेकांशी भांडत होते आणि त्यांची सरासरी काढणं हा शुद्ध अविचार ठरला असता. मी तिला चाचणीच्या सूचना तिच्या घरच्या बोलीत पुन्हा सांगून पाहिल्या. नियमानुसार त्याचे गुण धरता येत नाहीत, मी धरलेही नाहीत. पण तिनं काय काय केलं ते अहवालात सविस्तर लिहिलं. तो परिच्छेद तिच्या बाईंच्या उपयोगी पडला.

आकड्याची गरज मी नाकारत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगता आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळायचा तर प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्राला रेघ लागते. रेघ नसती तर ज्याची ओळख मोठी त्याच्या मुलाला सवलत मिळाली असती. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेलची महानगरपालिका झाली. उद्या तिला आपल्या शाळांसाठी किती विशेष शिक्षक हवेत हे ठरवायचं असेल तर एका मुलाची वही कामाची नाही, तिथे गणनाच हवी. न्याय करायला आणि पैसा वाटायला सामान्य नियम लागतात. शिकवायला, बरं करायला ते अपुरे पडतात, आणि अडचण होते ती पहिल्या कामाचं हत्यार दुसऱ्या कामात चालवलं की. “या गुणांच्या मुलांना अमुक जमत नाही” हे वाक्य नियोजनाच्या बैठकीत ठीक आहे. तेच मुलाच्या आईसमोर बोललं तर मी त्याला अन्याय म्हणते, कारण त्या क्षणी तिच्या मुलाबद्दल आपण काहीच सांगितलेलं नसतं.

सहावीतल्या मुलाच्या अहवालात मी आकडा लिहिला, त्याच्यासोबत त्याचा पट्टाही लिहिला, कारण कुठल्याही चाचणीचा गुण काही अंकांनी इकडेतिकडे होऊ शकतो आणि हे पालकांना सांगणं आपलं कर्तव्य आहे. त्याखाली आईच्या वहीतून आलेल्या तीन सूचना: याला लवकर लिही म्हणू नका, कमी गणितं द्या पण वेळ द्या; बाप बाहेर असेल त्या आठवड्यात पहिल्या तासाला फळ्यापाशी उभं करू नका; रात्रीचा फोन चालू राहू द्या. बाईंनी पहिल्या दोन्ही मानल्या. “मग बाकीच्या रेंगाळणाऱ्या मुलांचं काय?” असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

त्या प्रश्नातून आता आणखी काही घरांत वह्या गेल्या आहेत. रकाने सगळीकडे सारखे नाहीत. प्रत्येक घरी बसून, त्या मुलाचं काय बिघडतं ते विचारून ठरवलेले. एका हवालदाराच्या मुलीच्या वहीत बापाच्या पाळीचा रकाना आहे, वेल्डरच्या मुलाच्या वहीत पाणी भरायच्या वेळेचा. हवालदाराच्या मुलीत झोप आणि चुका यांचा संबंध पुस्तकात आहे तसाच सरळ आहे. आणखी एका मुलात तो दिसतच नाही. प्रत्येक वही आधी स्वतंत्र वाचायची, त्या मुलाचं चित्र पुरं करायचं, आणि नंतरच या चित्रांत काही समान आहे का ते पाहायचं, असा क्रम मी ठरवला आहे. एक संशय मला येऊ लागलाय: झोपेच्या तासांपेक्षा संध्याकाळ रोज सारखी जाते की नाही, याचा सकाळच्या चुकांशी जास्त संबंध असावा. अजून वह्या थोड्या आहेत, म्हणून बाईंना मी इतकंच सांगितलंय की पुढच्या सत्रात संध्याकाळचा रकाना सगळ्यांच्याच वहीत घालू.